सुनीताची कावड



सहा डिसेंबरला आपण लाखोंनी दादरला जातो. चैत्यभूमीवर माथा टेकतो, शिवाजी पार्कावर भाकरीचे गाठोडे सोडतो, पुस्तके घेतो आणि रात्रीच्या गाडीने परततो. आपल्या पाठीमागे ते मैदान पुन्हा मैदान कोण करतो, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय?

पहाटे खराटा घेऊन येणारा, लाल मातीवर पाणी मारणारा, पावसाळ्यात वाढलेले गवत कापणारा तो कामगार. पालिकेचा माळी असो की ठेकेदाराचा रोजंदार, काम तेच. समुद्राचा खारा वारा रोपे करपवतो. ती पुन्हा लावायची. साचलेल्या पाण्यात उंदराच्या मुतातून लेप्टोचा आजार होतो, पायाला जखम असली तर धोका अधिक. तरीही पुष्कळ ठिकाणी गमबूट मागितले की ठेकेदाराचे उत्तर एकच, "उद्या बघू."

या कामात आपली माणसे आहेत. मी शिक्षक आहे. शाळेचे अर्ज दरवर्षी हातातून जातात. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात अशा घरची मुले नुसते 'नोकरी' लिहितात. कसली नोकरी विचारले की मान खाली जाते.

लाज कशाची? तथागतांनी उपासकाला वर्ज्य सांगितलेले व्यापार पाच: शस्त्रांचा, जिवांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. गवत कापणे त्यात कोठे आहे? त्या मजुराची आजीविका सम्यकच आहे. त्याच्या हजेरीतून पैसे खाणाऱ्याची मात्र नाही.

पण याच्या उलट टोकालाही एक खड्डा आहे. सर्व कामे सारखीच पवित्र, म्हणून आपापले काम आनंदाने करीत राहा, हा उपदेश आपल्याला फार ऐकवला गेला. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याची झडती घेणाऱ्या १९४५ च्या ग्रंथात बाबासाहेबांनी सफाईकामाच्या असल्या गौरवाचा खरपूस समाचार घेतला. खराट्याचे गोडवे गाणारा आपल्या मुलाच्या हाती खराटा देत नाही, हे तुम्हीही पाहिले असेल.

थेरगाथेत सुनीत थेर आपली हकिगत स्वतः सांगतात. हीन मानलेल्या कुळात जन्म, दारिद्र्य, सुकलेली फुले उचलून टाकण्याचे काम आणि लोकांची अवहेलना. म्हणजे आपल्या मैदान-कामगाराचेच भाऊबंद! मगधाच्या नगरात भिक्खुसंघासह येणारे बुद्ध त्यांना दिसले. सुनीतांनी कावड खाली ठेवली आणि ते पुढे झाले. तथागत त्यांच्यासाठी थांबले आणि त्यांना तेथेच संघात घेतले. तुझी कावड पवित्र आहे, ती परत उचल, असे बुद्ध म्हणाले नाहीत. सुमंगल थेर तर विळा, नांगर आणि कुदळ सुटल्याचा उघड आनंद सांगतात. या दोघांच्या कथा बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथात मुद्दाम घेतल्या आहेत.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, चूल पेटायची आहे, कावड आज कशी ठेवणार? खरे आहे. ज्याच्या खांद्यावर आहे त्याने ती ताठ मानेने वाहावी, संघटना करून गमबूट आणि पूर्ण पगार मागावा. प्रश्न पुढच्या खांद्याचा आहे. सफाई खात्यात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळते. उपाशी घराने ती सोडावी असे मी म्हणणार नाही. परंतु बी. ए. झालेला मुलगा बापाच्या जागी खराटा धरतो आणि आपण त्याला "चिकटला एकदाचा" म्हणून पेढे वाटतो, तेव्हा जातीने ठरवलेले काम आपण सरकारी शिक्क्यासह घरात घेतलेले असते. त्या मुलाला निदान रात्रीच्या अभ्यासाला बसवा, खात्याच्या परीक्षा द्यायला लावा.

येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात सुनीत आणि सुमंगल यांची प्रकरणे मोठ्याने वाचा. वाचायला मैदानावर राबणाऱ्या एखाद्या उपासकाच्या मुलीला सांगा, आणि तिच्या बापाला पहिल्या रांगेत बसवा. सहा डिसेंबरला निघताना मात्र आपल्या पत्रावळी आणि कागद परत नेण्यासाठी एक रिकामी पिशवी जवळ असू द्या.