स्मरण आणि परतफेड

ऑस्ट्रेलियातील दीर्घ मुक्कामात तेथील एक रिवाज आमच्या मनात भरला. शाळेचा समारंभ असो वा सभा, आरंभी त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचे आदराने स्मरण केले जाते. गोरे येण्यापूर्वी ही भूमी कोणाचीच नव्हती, हा समज तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली माबो खटल्यात मोडीत काढला. तथापि मूळ रहिवाशांची बाजू संसदेपुढे मांडणारे मंडळ घटनेत आणण्याचा प्रस्ताव मतदारांनी २०२३ मध्ये नाकारला. मग ते स्मरण पोकळच म्हणावे काय?

आम्हां पाथरीकरांना हा प्रश्न परका नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने आमच्या तालुक्यात ऊस डोलू लागला. पण पैठणच्या त्या धरणात गोदाकाठची अनेक गावे बुडाली. पाप आमच्या हातून घडले नसेल, लाभ मात्र आमच्या पदरी पडला. त्या गावांची नावे आमच्या कोणत्या समारंभात घेतली जातात?

पापनिवेदनात नुसता उच्चार पुरत नाही. भरपाईही करावी लागते. जक्कयाने चौपट परत करण्याचे वचन दिले. परंतु त्यालाही आधी उभे राहून बोलावेच लागले. स्मरण म्हणजे परतफेड नव्हे, हे खरे. पण ज्या ऋणाचा उच्चारही होत नाही, ते फिटावे कसे?