आवाज आपला, झोप शेजाऱ्याची

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी आरतीनंतर एका ताईंनी विचारलं, "त्रास झाला तर सहन करावा की बंदोबस्त करावा? सहन केलं तर साधना आणि बंदोबस्त केला तर अहंकार, असं असतं का?" प्रसादाच्या गडबडीत बोलणं राहून गेलं. उत्तर म्हणून माझ्याच घरातली गोष्ट सांगतो. विषय संडासाच्या नळाचा आहे, तेव्हा आधीच क्षमा मागतो.

जुन्या इंदुरातली आपली घरं एकमेकांना लागून. आमची आणि शेजाऱ्यांची भिंत सामायिक. मी नामाला पहाटे चारला उठतो. बारा वर्षांचा नेम, आणि खरं सांगायचं तर त्याचा मला अभिमानही होता. गेल्या वर्षी गच्चीवरच्या टाकीला प्रेशर पंप बसवला. तेव्हापासून फ्लश केला की मिनिटभरानं भिंतीत धाड-धाड-धाड! सौ. म्हणाली, प्लंबरला बोलवा. मी म्हटलं, "आवाजच तो. मन नामात असेल तर ऐकू येणार नाही." आणि महिन्याभरात मला तो खरंच ऐकू येईनासा झाला. मला वाटलं, आपली तितिक्षा वाढली.

मग एक दिवस नळ आला तेव्हा पाणी भरता भरता शेजारची सूनबाई सौ.ला हसत म्हणाली, "काकू, काका चारला उठले की आमचं बाळ पण उठतं." बाळ चार महिन्यांचं, पाळणा त्याच भिंतीशी. "अगं, मग आधी का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "काका जपाला बसतात, कसं सांगायचं?"

त्या दिवशी माझा जप झाला नाही. सहा महिने सहन ती पोर करत होती. मी नुसता सरावलो होतो.

प्लंबर आला, भिंतीला कान लावून म्हणाला, "अंकलजी, पानी को झटका लग रहा है." मग समजावून सांगितलं. फ्लशची टाकी भरत आली की फुग्याचा व्हॉल्व्ह बंद होतो. सावकाश झाला तर काही नाही. पण दाब जास्त आणि वायसर झिजलेला असला की तो फटकन मिटतो. धावतं पाणी एकदम अडतं. पाणी फारसं दाबलं जात नाही, म्हणून त्याचा वेग धक्का होऊन मागे फिरतो आणि पाइप भिंतीवर आपटतो. निकोलाय झुकोव्हस्की ह्या रशियन शास्त्रज्ञानं मॉस्कोच्या नळांवर १८९७-९८ मध्ये प्रयोग करून ह्याचं गणित मांडलं. लोखंडी नळात सेकंदाला एक मीटर वेगानं जाणारं पाणी क्षणात अडवलं, तर शंभर मीटरहून उंच टाकीइतका दाब वाढतो! १९७८ पासून आपल्या गावात येणारी नर्मदामैया जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर चालून, विंध्य चढून येते. असल्या मोठ्या नळांवरचे व्हॉल्व्हही सावकाशच फिरवावे लागतात.

उपाय अर्ध्या तासाचा निघाला. पंपाचा दाब कमी केला, टाकीखालचा अँगल कॉक थोडा आवळला, वायसर बदलला, ढिले क्लॅम्प घट्ट करून पाइपाखाली रबर घातलं. खर्च तीनशेच्या आत.

आता ताईंचा प्रश्न. विवेकचूडामणीत तितिक्षेचा अर्थ सांगितला आहे: आलेलं दुःख प्रतिकार न करता, चिंता न करता, रडगाणं न गाता सोसणं. मी ह्याचाच आधार घेत होतो. पण ते दुःख *आपल्यावर आलेलं* असावं लागतं. आपण दुसऱ्याला दिलेलं दुःख आपण शांतपणे सोसतो म्हटलं, तर त्याला तितिक्षा कोण म्हणेल? तो निव्वळ आळस, वर भगवी शाल पांघरलेला.

गीतेच्या बाराव्या अध्यायातला पंधरावा श्लोक आपण रोज म्हणतो. त्यातला क्रम मला ह्या वयात कळला. ज्याच्यामुळे लोकांना उद्वेग होत नाही, हे भगवंतांनी *आधी* सांगितलं. ज्याला लोकांमुळे उद्वेग होत नाही, हे *नंतर*. आपण दुसरं धरून बसतो, कारण त्यात मोठेपणा आहे. पहिल्यासाठी फक्त वायसर बदलावा लागतो.

कोणी म्हणेल, शेजारधर्म म्हणून तिनंही थोडं सोसावं. ती सोसतच होती. पण सोसणं तिनं ठरवायचं, मी तिच्या वतीनं ठरवायचं नाही. आणि आपण भक्त आहोत म्हणून लोक आपल्याला बोलायला बिचकत असतील, तर आपण जास्तच जपायला हवं. आपल्याला कोणी सांगायला येणार नाही.

तेव्हा ह्या आठवड्याचा नेम एवढाच: आपल्या घरातला कोणता आवाज आपल्याला ऐकू येईनासा झालाय, ते शेजारी जाऊन विचारायचं. नळ असेल, टीव्ही असेल, आपली आरतीसुद्धा असेल. दुरुस्ती होईपर्यंत रात्री बादलीनं पाणी टाकावं, मीही तेच केलं.

परवा सूनबाईला विचारलं, "आता कसं?" म्हणाली, "बाळ साडेपाचपर्यंत झोपतं, काका." बारा वर्षांच्या जपाचा इतका रोकडा प्रसाद मला कधी मिळाला नव्हता.

श्रीगुरुचरणार्पणमस्तु.
॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥