कपाळावरची आठी

ताणाची डोकेदुखी हा डोकेदुखीचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. ती ठणकत नाही, दाबते. डोक्याभोवती पट्टा आवळल्यासारखे दोन्ही बाजूंना दुखते आणि हे अर्ध्या तासापासून आठवडाभर टिकू शकते. अर्धशिशीसारखी ती सहसा माणसाला अंथरुणाला खिळवत नाही. डोके दुखणारा माणूस काम करत राहतो, म्हणून त्याचे दुखणे कुणाला दिसतही नाही.

पुण्याजवळच्या हिंजवडीहून संध्याकाळी वाहतूक कोंडीतून निघालेल्या दुचाकीस्वाराचे खांदे कानांकडे चढलेले असतात, दात दाबलेले असतात, हेल्मेटखाली कपाळाला आठ्या असतात. संकटात स्नायू आवळून घेणे ही शरीराची जुनी सोय. पण कोंडीतले संकट संपत नाही आणि स्नायू सैल होत नाहीत. दुखण्याचे कारण एवढेच, असे पूर्वी मानले जाई. आता असे दिसते की मान-कपाळाकडून रोज येणाऱ्या संदेशांनी वेदना टिपणारी मज्जासंस्थाच हळवी होते. मग डोके दुखायला चुकलेले जेवण किंवा अपुरी झोपही पुरते.

मराठीत ‘डोक्याला ताप’ हे बहुतेक वेळा दुसऱ्या माणसाविषयी म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. रात्री अकराला आलेला कार्यालयाचा निरोप, सिग्नल सुटण्याआधीच मागून वाजलेला हॉर्न, जेवताना काढलेला मुलाच्या गुणांचा विषय: हा ताण कुणीतरी दिलेला असतो. देणारा तो विसरतो, घेणारा गोळी घेतो. गोळीलाही मर्यादा आहे. साधी वेदनाशामके महिन्यात 15 किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. अचानक उठलेली असह्य कळ, तापासोबत ताठलेली मान किंवा हातापायातील बळ जाणे हा मात्र ताण नव्हे. तेव्हा तत्काळ रुग्णालय गाठावे.

डोके दुखले की घरोघरी आजी कपाळाला फडके घट्ट बांधून पडत असे. योगगुरू बी. के. एस. अय्यंगार यांनी 1975 मध्ये पुण्यात योगसंस्था उभारली. त्यांच्या परंपरेतही डोक्याला पट्टी गुंडाळून शवासन करवतात. कपाळ, जबडा, जीभ एकेक करून सैल सोडायची असते. त्याला दहा-पंधरा मिनिटे पुरतात, पण तेवढा वेळ कुणी हाक मारता कामा नये, आणि ही शांतता घरातल्या इतरांनीच द्यावी लागते.