कंस कुठे सुटला?

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' हा खेळ ११ नोव्हेंबर १४४४ या दिवशी सुरू होतो, तेव्हा दख्खनच्या नकाशावर बिदरची बहमनी सल्तनत पसरलेली असते. तिच्यासाठी मी एक छोटा मॉड, म्हणजे खेळात भर घालणारी फाइल, लिहिला. १४८१ साली वजीर महमूद गावानला मारायचं की वाचवायचं, एवढंच खेळणाऱ्याला विचारायचं. वाचवलं तर पुढे दुसरी घटना घडणार. पहिला प्रश्न पडद्यावर नीट आला, दुसरी घटना आलीच नाही. खेळ बंदही पडला नाही. बंद पडलेला खेळ परवडतो, निदान काही बिघडलंय हे तरी समजतं.

एरर लॉगने फाइलच्या अगदी शेवटाकडे बोट दाखवलं. त्या ओळी मी तासभर वाचल्या. त्यांत काहीच चूक नव्हती. मग कंटाळून तारीख, अट आणि फाइलचं नाव असं तिन्ही एकदम बदललं. हे करायला नको होतं. त्यातून घटना आली असती, तरी कशामुळे आली हे मला कधीच कळलं नसतं.

शेवटी अर्धा मजकूर काढून पाहिलं, मग उरलेल्याचा अर्धा. पहिल्या घटनेतल्या दुसऱ्या पर्यायानंतरचा महिरपी कंस सुटला होता. यंत्राच्या लेखी पहिली घटना संपलीच नव्हती, म्हणून दुसरी तिच्या पोटात गेली. फाइल संपली तेव्हा कुठे त्याला कंसांचा हिशेब जुळत नाही हे उमगलं, आणि त्याने तिथली ओळ सांगितली. ती ओळ खोटी नव्हती. चूक तिथे दिसली होती, झाली होती बरीच वर.

गावानचंही असंच झालं. कोऱ्या कागदावर त्याची मोहोर मिळवून शत्रूंनी त्यावर ओडिशाच्या राजाला फितुरीचं पत्र लिहिलं. सुलतान तिसऱ्या मुहम्मदशहाने मोहोर पाहिली, ती खरीच होती, आणि शिक्षा फर्मावली. मोहोर कागदावर आधी उमटली की मजकूर, हे त्याने विचारलं नाही.

कंस घातला, घटना आली. मग आधीचे तिन्ही बदल एकेक करून मागे घेतले, तरी ती येत राहिली. शेवटी कंसही पुन्हा काढला. घटना नाहीशी झाली. तेव्हा कुठे तो जागच्या जागी बसवून फाइल जतन केली.