बारावा अपवाद

आरोग्य विम्याची पॉलिसी घरी आली की आपण विम्याची रक्कम पाहतो, हप्ता पाहतो आणि बाकीची पाने फाइलला लावून टाकतो. त्याच पानांत अपवादांची यादी असते. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली या अपवादांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. त्यातला बारावा अपवाद असा की दारू, अमली पदार्थ किंवा कोणतेही व्यसन यांवरच्या उपचारांचा आणि त्या व्यसनाच्या परिणामांचा खर्च मिळणार नाही. याच्या शेजारी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा ठेवून पाहावा. तो मे २०१८ पासून लागू आहे. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत, आणि शारीरिक आजाराला जसा विमा मिळतो तसाच मानसिक आजारालाही मिळाला पाहिजे असे त्याचे २१ वे कलम सांगते. आयुष्मान भारत योजनेच्या उपचारयादीतही व्यसनातून उद्भवणारे मानसिक विकार आहेत. तरीही पदरचे पैसे भरून घेतलेल्या बहुतेक पॉलिसींत बारावा अपवाद कायम आहे. वरवर हा हिशेबाचा मामला वाटतो. मला तो तसा वाटत नाही. त्याच्या मुळाशी एक नैतिक निवाडा आहे: ज्याने आपले दुखणे आपल्या हाताने ओढवून घेतले, त्याचा भार इतरांनी का वाहायचा?

हा प्रश्न गंभीर आहे. व्यसन हा आजार आहे, एवढे म्हणून तो झटकून टाकता येत नाही. पहिला पेला कुणी जबरदस्तीने घशात ओतलेला नसतो. बुद्धाच्या पंचशीलातले पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. १९५६ साली नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. माणसाला नकार देता येतो हे गृहीत धरल्याशिवाय अशा प्रतिज्ञेला अर्थच उरत नाही. ॲरिस्टॉटलनेही स्वतःच्या चालीने बिघडलेल्या माणसाला दोषमुक्त केले नाही: हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, पण तो फेकणे तर आपल्या हाती होते, असे त्याचे म्हणणे. मात्र त्याच दाखल्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. दगड सुटल्यावर तो थांबवणे फेकणाऱ्याच्या हाती राहत नाही, हेही त्यात कबूल केलेले आहे. दोष कुठे सुरू झाला हा एक प्रश्न आणि आज उपचार कुणाला मिळावेत हा दुसरा. बारावा अपवाद पहिल्याच्या उत्तरावरून दुसऱ्याचा निकाल लावतो.

आणि तो निकाल सर्वांना सारखा लावत नाही. तंबाखूच्या सवयीने तोंडाचा कर्करोग झाला, वर्षानुवर्षे पथ्य न पाळल्याने मधुमेह बळावला, हेल्मेट न घालता गाडी चालवून डोके फुटले, तर विम्याने खर्च द्यावा ही आपली साधी अपेक्षा असते. तिथे माणसाच्या पूर्वचरित्रावरून त्याचा आजारच पॉलिसीबाहेर काढलेला नसतो. दारूच्या बाबतीत तर निवडीचा युक्तिवाद आणखी लंगडा पडतो. केंद्र सरकारच्या २०१९ च्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, त्यांतले २.९ कोटी तिच्यावर अवलंबून आहेत. प्यायचा निर्णय सगळ्यांनीच घेतला. त्यांतले थोडेच रुतले, आणि कोण रुतणार हे ठरण्यात आनुवंशिकतेचा वाटा जवळपास निम्मा असल्याचे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसते. कोवळ्या वयातली सुरुवात, घरातले वातावरण, सोबतचे मानसिक आजार हे त्यावर आणखी. जे बाकी राहिले ते अधिक सज्जन होते म्हणून वाचले, असे म्हणायला आधार नाही.

गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुनाचा प्रश्न हाच आहे. मनात नसतानाही कुणी ढकलत नेल्यासारखा माणूस पापाकडे का जातो, असे तो विचारतो. कृष्ण उत्तरात कधीही न भरणाऱ्या वासनेचे नाव घेतो आणि तिचे ठाणे कुठे आहे तेही सांगतो: इंद्रिये, मन आणि बुद्धी. मला यातले शेवटचे ठिकाण फार महत्त्वाचे वाटते. ज्या बुद्धीने शत्रूला ओळखायचे, तिच्यातच तो बसलेला आहे. आजचे मेंदूविज्ञान वेगळ्या भाषेत याच्या जवळ येते: दीर्घ व्यसनात ओढ वाढत जाते आणि पुढचा विचार करून स्वतःला आवरणारी यंत्रणा दुबळी होते. मुरलेल्या मद्यपीने एकाएकी दारू सोडली तर हातपाय कापतात, फिट येते, भ्रम होतो, कधी जीवही जातो. म्हणून त्याला दवाखान्यात ठेवून औषधे द्यावी लागतात, थायमिनची इंजेक्शने द्यावी लागतात. अशा माणसाला ‘मनावर घे म्हणजे सुटेल’ असे सांगणे म्हणजे जे मन ताब्यात राहिलेले नाही त्याच्याच भरवशावर त्याला सोडणे होय. यावर कुणी सहाव्या अध्यायाकडे बोट दाखवील: आपला उद्धार आपणच करायचा, अशी तिथली शिकवण आहे. शिकवण खरीच आहे. पण ती कुणी कुणाला दिली? धनुष्य गळून पडलेल्या माणसाला, त्याचा रथ हाकणाऱ्या मित्राने. स्वतःचे प्रयत्न आणि दुसऱ्याचा आधार यांत गीतेला विरोध दिसला नाही. जबाबदार हो असे ज्याला सांगायचे, त्याची जबाबदार होण्याची ताकद परत आणणे हे उपचारांचे काम आहे. जबाबदारीच्या नावाने उपचारच अडवले तर त्या उपदेशाला अर्थ राहत नाही.

विमा मिळेल म्हणून लोक जास्त पितील, ही भीती मला पोकळ वाटते. विमा दारूचे बिल देणार नाही, आणि व्यसनमुक्तीच्या वॉर्डातल्या त्या पहिल्या रात्रींच्या ओढीने कुणी पीत नाही. निर्व्यसनी माणसाचा हप्ता वाढेल, ही तक्रार अधिक वजनदार आहे. अमेरिकेत केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या विम्यात २००१ पासून मानसिक आजार आणि व्यसन यांना इतर आजारांइतकेच संरक्षण दिले गेले. त्याच्या मूल्यमापनात एकूण खर्चात लक्षणीय वाढ आढळली नाही. तिथे उपचारांवर देखरेख होती, तशी इथेही लागेल. उपचार करूनही माणूस पुन्हा पितो, हा तिसरा आक्षेप. २००० साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या एका तुलनेनुसार व्यसन उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के, तर उच्च रक्तदाब आणि दमा पुन्हा उसळण्याचे ५० ते ७० टक्के होते. दम्याचा रुग्ण दुसऱ्यांदा दाखल झाला म्हणून त्याचा उपचार वाया गेला असे आपण म्हणत नाही.

विमा नाकारला म्हणून खर्च नाहीसा होत नाही, तो घरात शिरतो. बायकोचे दागिने, मुलीची फी, म्हाताऱ्या आईची पेन्शन यांतून तो भागवला जातो, आणि हे सारे असे लोक आहेत ज्यांनी थेंबही चाखलेला नाही. स्वतःच्या कर्माचे फळ ज्याचे त्याने भोगावे म्हणणाऱ्यांनी इथे थांबून पाहावे की फळ नेमके कोण भोगते आहे. बारावा अपवाद आणखी एक अनर्थ करतो: तो खोटे बोलायला लावतो. दाखल होताना दारूचा उल्लेख झाला तर दावा जाण्याची भीती, म्हणून तो टाळण्याचा मोह घरच्यांना होतो. व्यसनमुक्तीची सुरुवात कबुलीपासून होते, आणि इथे कबुलीचीच किंमत मोजावी लागते. अशा वेळी संस्थांनी आधार द्यावा, असे कुणी म्हणेल. अनिल आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभे केले. महाराष्ट्र त्या कामाचा ऋणी आहे. पण दान देणाऱ्याच्या मनावर अवलंबून असते. हप्ता भरलेल्या माणसाचा विम्यावर हक्क असतो. शिवाय त्याच २०१९ च्या पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचे आढळले. ही दरी संस्थांच्या दानपेटीने भरणारी नाही.

नियामक प्राधिकरणाने बारावा अपवाद रद्द करावा. नोंदणीकृत केंद्रांतल्या, डॉक्टरांच्या देखरेखीखालच्या उपचारांना विमा लागू करावा, आणि साखळदंडांनी माणसे बांधून ठेवणाऱ्या बेकायदा केंद्रांना त्यातला एक पैसाही मिळू देऊ नये. संसदेने २०१७ मध्ये कायदा केला तेव्हाच हा प्रश्न तत्त्वतः निकाली निघाला होता. वाचकांनी या वर्षी पॉलिसीचे नूतनीकरण करण्याआधी अपवादांचे पान उघडावे आणि कंपनीला लेखी विचारावे की २१ व्या कलमानंतरही हा अपवाद कोणत्या आधारावर ठेवला आहे.