कुपींतलें रक्त आणि पाठींतली वेदना

कापूसवेचणीच्या दिवसांत खामगांव-शेगांवकडून जाणाऱ्या प्रवाशास शेतांत ओणवलेल्या बायकांची रांग दिसते. सायंकाळीं एखादीस पाठीचें विचारावें, तर ती हंसून म्हणते, ‘दुखतेच ना, बाप्पा!’ यांत सिद्ध करण्याजोगें कांहीं आहे, असें तिला वाटतहि नाहीं.

समजा, उद्यां तिच्यापाशीं कोणी संशोधक कुपी घेऊन आला. जुनाट पाठदुखीच्या अभ्यासासाठीं रक्त घेतात, तें दाहाच्या खुणा व आनुवंशिक वैशिष्ट्यें शोधण्याकरितां. हा उद्योग आम्ही व्यर्थ मानीत नाहीं. मणक्याचा क्षय किंवा सांध्यांचा दाह असल्यास तपासणीनें त्याचा माग लागतो. परंतु बहुतेक जुनाट पाठदुखीचें एकच एक कारण सांपडत नाहीं. उलट, ज्यांची पाठ दुखत नाहीं अशा पुष्कळांच्याहि मणक्यांतील चकत्या चित्रांत फुगलेल्या दिसतात.

नमुने देणें ह्या बुलढाणा जिल्ह्यास नवें नाहीं. २०२४ च्या अखेरीस शेगांव तालुक्यांतील बोंडगांव व आसपासच्या गांवीं लोकांचे केस थोड्याच दिवसांत गळून टक्कल पडूं लागलें. २०२५ च्या जानेवारींत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचें पथक आलें. रक्त, केस, पाणी यांचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं स्वतंत्रपणें तपास करून रेशनच्या गव्हांतील सेलेनियमकडे बोट दाखविलें. तेथें टक्कल साऱ्या गांवास दिसत होतें. आजार आहे कीं नाहीं हें रक्तास विचारावें लागलें नाहीं. केवळ कारण विचारावयाचें होतें.

पाठीचें तसें नाहीं. येथें कुपीस नकळत साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें केलें जातें: बाई खरें बोलते काय? रक्त निर्दोष निघालें कीं घरचे म्हणणार, ‘हिला कांहीं झालेलें नाहीं’; आणि मजुरी देणारा तर तेवढ्याचीच वाट पाहत असतो. विश्वासानें दिलेलें रक्त देणारीवरच उलटतें. वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघानें आपली १९७९ सालची व्याख्या २०२० सालीं सुधारली, तेव्हां मनुष्य स्वतःच्या वेदनेविषयीं जें सांगतो त्याचा मान राखावा, असें टिपेंत नमूद केलें. विद्वानांवर हें लिहून ठेवण्याची पाळी यावी, हेंच बोलकें आहे.

संमतिपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संशोधकाचें ऋण फिटलें, असें आम्हांस वाटत नाहीं. निकाल घेऊन त्यानें त्याच बांधावर परत आलें पाहिजे. आणि रक्तांत कांहीं आढळलें नसेल, तर त्याचा अर्थ ‘तुला दुखत नाहीं’ असा नव्हे, हें तिच्या घरच्यांच्या देखत सांगितलें पाहिजे.