ऋण कोणाचे?

छातीत कळ येऊन बेशुद्धावस्थेत जो मनुष्य अमेरिकेतील इस्पितळाच्या तातडीच्या विभागात आणला जातो, त्याने तेथील डॉक्टर निवडलेला नसतो, आणि १९८६ च्या कायद्यान्वये त्याची प्रकृती स्थिर केल्यावाचून, केवळ पैशाअभावी, त्याला परत धाडण्याची मुभा इस्पितळालाही नसते. जेथे उभयपक्षी नकाराचा अधिकारच नाही, तेथे करार झाला असे कसे म्हणावे, आणि करारावाचून मोबदला कोणत्या न्यायाने ठरवावा?

अशा तातडीच्या प्रसंगी रुग्णाच्या विमा कंपनीशी करार नसलेला डॉक्टर पूर्वी, कंपनीने दिल्यावर उरलेली रक्कम रुग्णाकडूनच वसूल करी. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्याने ती वसुली बंद करून तंटा लवादाकडे सोपविला. डॉक्टर एक आकडा मांडतो, कंपनी दुसरा. लवादाने त्यांतला एकच उचलावयाचा, मधली रक्कम ठरविण्याची त्याला मनाई.

चरकसंहितेने धनासाठी चिकित्सा विकणाऱ्याला हीन लेखले, हे खरे; परंतु रात्रपाळीत समोर येईल त्याचा जीव वाचविणाऱ्याच्या करुणेवर, आगाऊ हप्ते घेऊन बसलेल्या कंपनीने आपली बचत साधावी, हे मला निखालस अधर्म्य वाटते. जोखीम ज्याने पत्करली, ऋण त्याचे. रस्त्याने धावणाऱ्या रुग्णवाहिकेचे बिल मात्र वसुली बंद करणाऱ्या त्या कायद्याने अद्यापि आपल्या कक्षेबाहेरच ठेवले आहे.